कॉम्प्युटरचं कपाळ

२१ सप्टेंबर, रविवार. डोंगरकडा

परत लाल फुली.

पुण्याच्या त्या कंपनीचा एक तपासणीचा प्रोग्राम आहे. माणसाची परीक्षा वेगळी, मशीनची वेगळी. ताई तिच्या परीक्षेत कधीच पास झाली. काम घरी बसून, रेकॉर्डिंग ऐकायचं आणि मराठीत टाईप करायचं. मशीनच्या परीक्षेत नेट हिरवं, मेमरी हिरवी, प्रोसेसरपुढं लाल फुली. खालचं इंग्रजी ताईनं वाचलं, "फार जुना हाय म्हणतंय."

जुना आहेच. ताई बारावीला असताना अण्णांनी घेतला. लग्न होऊन सेनगावला गेली तेव्हा तिनं त्याच्यावर स्वतः शिवलेलं झाकण घातलं, मोर काढलेलं. जूनमध्ये परत आली. एक बॅग, कडेवर तिची लेक परी आणि डावं मनगट सुजलेलं. दाजींनी पिरगाळलं. घरात सगळे "पडली" म्हणतात. मनगट अजून पुरतं वळत नाही.

मामा मध्यस्थी करून राहिला. दसरा झाल्यावर शनिवारी, ४ तारखेला, सेनगावची जीप येणार तिला न्यायला.

अण्णा : "इथं बसून काय करणार हाय ती? उद्या मी न्हाई राहिलो म्हंजे?"
ताई : "काम लागलं तर?"
अण्णा लई वेळ तंबाखू मळत बसले. मग, "लागल्याचा मेसेज मला दाखव. मीच जीप माघारी धाडतो."

कंपनीची मुदत पण ४ तारीखच. दुपारपर्यंत मशीन पास पाहिजे.

मी बोलून गेलो, "त्यात काय, प्रोसेसर बदलू. मी करतो."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मला कळतं ती काय बघत होती. आयटीआय अर्धी, पुणे अर्धं, सुरत अर्धी. हैदराबादला मोबाइलच्या दुकानात त्यातल्या त्यात टिकलो.

तरी म्हणली, "कर."

२३ सप्टेंबर, मंगळवार

नांदेड. जुना प्रोसेसर काढून रुमालात गुंडाळून नेला, नमुना म्हणून. (प्रोसेसर लिहून हात दुखतो. इथून पुढं प्रो.)

जुन्या सामानाचं दुकान. दुकानदारानं माझा प्रो. उलटा करून बघितला, कपाटातून दुसरा काढला, शेजारी ठेवला. तेवढाच आकार, कडेच्या खाचा त्याच जागी. "सेम सॉकेट है भाई. आँख बंद करके बैठ जाएगा." वर म्हणला, "पुराना इधरीच छोड़ दो, भाव में कम कर देता." मी खुश. रुमाल झटकून खिशात घातला, जुना प्रो. त्याच्या गल्ल्याशेजारच्या डब्यात पडला. टक असा आवाज आला.

स्टँडवर एक माणूस दोरी तोंडात घेऊन मोटरसायकल ओढत होता. बघत उभा राहिलो. बस गेली. दुसरी लई उशिरा. पावसानं रस्त्याची चाळण झालीय. कयाधू नदीच्या पुलावर सगळे खिडकीकडं झुकून पाणी बघत होते. मी नाही बघितलं. खिशात प्रो. होता, दाबून धरलेला.

२४ सप्टेंबर, बुधवार

बसवला. आँख बंद करके नाही, उघडी ठेवून. बराबर बसला, झडप लागली, वर पेस्ट, वर पंखा. बटन दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. परीनं टाळ्या वाजवल्या.

स्क्रीन काळी.

मेमरी काढून खोडरबरनं घासली, परत लावली. काळी. वायर बदलली. काळी. सगळं सुटं करून परत जोडलं, जेवलो नाही. काळी.

परी : "मामा, लाव ना."
माय : "चालू व्हता की रं. काहून खोललास?"

ताई झाकणाची घडी मांडीवर घेऊन बसली होती, मोराची शिवण नखानं उसवत. स्वतःच शिवलेली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कळलं. मोबाइलवर बघून बघून डोळे गेले. बिहारच्या एका पोरानं हिंदीत सांगितलंय, देव त्याचं भलं करो आणि काल काहून नाही दिसला तो.

आकार एक असला म्हणजे झालं असं नाही. मशीनच्या आतला बोर्ड आधीच्या सालचा, प्रो. नंतरच्या पिढीचा. बोर्डात एक बारका प्रोग्राम असतो, बायोस, सगळ्यात आधी तो जागा होतो आणि कोण कोण बसलंय ते ओळखतो. आमचा बायोस जुना. हा प्रो. निघाला त्याच्या आधीचा. त्यामुळं तो ओळखच देत नाही. उपाय सोपा, नवा बायोस चढवायचा. पण चढवायला मशीन चालू पाहिजे. मशीन चालू व्हायला ओळखीचा प्रो. पाहिजे.

तो मी नांदेडला डब्यात टाकून आलो.

ताईला सांगितलं. समजून घेतलं तिनं, माझ्यापेक्षा लवकर. म्हणली, "म्हंजे जुनं माणूस दारात उभं राहून वळख करून देईल, तवाच नवं आत येणार."
"व्हय."
"अन् जुन्याला तू इकून आला."
"व्हय."

२७ सप्टेंबर, शनिवार

काल बस नाही, पाणी. आज नांदेडला गेलो.

"वो तो गया. डब्बे का माल भंगारवाला ले जाता." दुसरा तसला? "इतना पुराना कौन रखता भाई." तुमीच चढवून द्या बायोस? "बोर्ड छोड़ के जाओ, कारीगर दसरे के बाद आएगा." कधी नंतर? "नंतर मतलब नंतर."

मी म्हणलो, माझ्या बहिणीचं... काय सांगणार त्याला. त्यानं चहा पाजला. चांगला माणूस आहे, म्हणून भांडता पण आलं नाही.

येताना ट्रकवाल्या राजाचा फोन. हैदराबादचं भाडं आहे, सोबत चल, दसरा तिकडं करू. घरी येऊन बॅग काढली. दोन शर्ट आत टाकले पण. परी येऊन बॅगेत बसली. "मला पण." तिला उचलून बाहेर ठेवलं, ती परत बसली. मग मी शर्ट काढले.

२९ सप्टेंबर, सोमवार

हिंगोली. ठरवून गेलो होतो की दुरुस्तीचं एकेक दुकान धुंडाळायचं. दोन झाली. दोन्हीकडं तेच, लॅपटॉप बोला, मोबाइल बोला, एवढं जुनं नाही.

मग दसऱ्याचं प्रदर्शन लागलंय तिकडं वळलो. नुसतं बघून येऊ म्हणलं. मौत का कुआँ. लाकडाच्या विहिरीत तो पोरगा गाडी आडवी फिरवत वर येतो, कठड्याला आला की हात सोडतो आणि नोट घेतो हातातून. माझ्याच वयाचा. खेळ संपला तरी मी तिथंच. त्याला विचारलं, तुमच्यात माणूस लागतो का. म्हणला, फळ्या ठोकायला लागतो. मी खरंच विचार करत होतो. लाज वाटते लिहायला पण करत होतो.

ताईचा फोन, "मिळाला का?"
मागं भोंगा वाजत होता. तिनं ऐकलाच असेल.
"बघून राहिलो," म्हणलं.
"बरं," म्हणली. चिडली असती तर बरं झालं असतं.

घरी आलो तर मामा अंगणात. अण्णांना सांगत होता, "पाव्हणे माणसं चांगली हायत हो, एवढं एवढं तर चालतंच." ताई आत भाकरी थापत होती. एका हातानं. थापायचा आवाज अधूनमधून थांबायचा.

३० सप्टेंबर, मंगळवार. हट्टा

आयटीआयचा शकील आठवला. त्याच्या थोरल्या भावाचं हट्ट्याला इंटरनेट कॅफे होतं, तेव्हा आम्ही तिथंच पडलेलो असायचो. आता तिथं चिकनचं दुकान. शकील सुरी पुसत बाहेर आला, "अबे, बाळ्या! जिंदा है?"

कॅफेतल्या कॉम्प्युटरचे डबे? "वर माळ्यावर हायत ना. कोंबड्यांची खुराडी त्यांच्यावरच ठिवलीत, उंची बराबर येती."

वर चढलो. वास विचारू नका. पहिला डबा उघडला, प्रो. बसायचं सॉकेटच वेगळं. दुसरा, तेच. शकील खालून ओरडतो, "मिळालं का? न्हाईतर कोंबडी घेऊन जा, ती कशात बी बसती." एका डब्यात पिसं, मेमरीच्या खाचेत दाणे. शेवटच्यात मात्र बोर्ड ओळखीचा दिसला. पंखा काढला, पेस्ट वाळून दगड झालेली, अंगठ्यानं खरवडली. खाली नाव. आमच्या जुन्याचाच सख्खा भाऊ.

मी माळ्यावर बसून रडलो थोडा. कोंबड्या बघत होत्या.

शकील काही घ्यायला तयार नाही. वर संध्याकाळची बस नाही म्हणून ठेवून घेतलं. त्याची अम्मी म्हणली, बहन को सलाम बोल. ताईला फोन करून सांगितलं. पहिल्यांदा हसली ती, जूनपासून. "नीट आण," म्हणली. "रुमालात नको."

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

काय लिहू.

खंडेनवमी हे माझ्या डोक्यातच नव्हतं. अंगणात विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, अण्णांची मोटरसायकल, सगळं धुऊन हळदीकुंकू लावून ओळीनं. झेंडूच्या माळा. मायनं वर्षानुवर्षं केलंय तसं. शिलाई मशीनला पण. आणि ताईच्या कॉम्प्युटरला.

डबा मी उघडाच ठेवून गेलो होतो. नवा प्रो. काढून ठेवलेला, त्यामुळं सॉकेट मोकळं. त्याची प्लास्टिकची टोपी कधीच हरवलेली. वर फक्त ताईचं झाकण टाकलं होतं. मायनं झाकण काढलं. वाकून बघितलं. आत सगळं हिरवं काळं, आणि मधोमध सोन्यासारखा चमकणारा चौकोन. बारीक बारीक सोनेरी काटे, मोजता न येणारे.

तिथंच लावलं. हळद, कुंकू, चार अक्षता. फुलानं पाणी शिंपडलं.

"माय, तिथं काहून?"
"मंग कुठं? समदं काळंबेरं, तेवढंच एक चमकत व्हतं. म्हणलं हेच त्याचं कपाळ."

मी भिंतीला टेकून खालीच बसलो. ओरडणार होतो. मायचं तोंड बघितलं. तिला वाटत होतं मी शाबासकी देणार. हळू आवाजात म्हणली, "सुमीसाठी मागितलं मी. म्हणलं बाबा, तू चालू हो, माझ्या लेकीला ठिवून घे."

आता ओरड म्हणा कोणी.

पुसायला गेलो तर हात धरला. पूजलेलं हत्यार उद्या सोनं वाटेपर्यंत हलवायचं नाही. मी म्हणलो, माय, हत्यार नाही ते, आणि उद्यापर्यंत हळद आत चिकटून बसंल, शनिवारी तर जीप... ती ऐकेना. ताईकडं बघितलं. जिचं सगळं जायचं आहे तीच म्हणली, "राहू दे, बाळू. आज मायचं मन मोडू नको."

पाणी तरी सुकू दे म्हणून पंखा लावला त्याच्याकडं तोंड करून. अक्षता हलत होत्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गावात सोनं वाटून झालं. अण्णांनी ताईच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. ती पाया पडली. ते तिच्या मनगटाकडं बघत होते. बघितलं त्यांनी, मला दिसलं.

मग मायनं स्वतःच्या हातानं अक्षता वेचल्या आणि म्हणली, घे आता.

मेडिकलमधून स्पिरिट आणलं. मऊ ब्रश, परीचा रंगाचा, नवा. कुंकू निघालं. हळद निघता निघेना, पिवळी झाक राहिली कोपऱ्यात. मला धीर नाही ना. कापूस घेतला. कापसाचा धागा काट्यात अडकला, मी ओढला.

काटे वाकले. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलं. बाकीचे सगळे एका दिशेला झुकलेले, पीक कसं उभं असतं तसे, आणि त्या कोपऱ्यात डुकरं लोळून गेल्यासारखं.

मला हात लावायची हिंमत नाही. ताईला सांगायची पण नाही. सांगितलं.

तिनं विचारलं, "किती बारीक सुई लागंल?"

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ताईनं केलं. सकाळच्या उजेडात, दारात पाट टाकून. मोत्याच्या सुईनं. मी मोबाइल धरायचा, ती त्यात बघून एकेक काटा उचलायची. डावा हात नुसता आधाराला, उजव्यानं काम. श्वास सोडायला तोंड बाजूला न्यायची. मध्येच म्हणली, "तुझा हात हलतो, चौकटीला टेकव." परीला मायनं शेजारी नेऊन बसवलं होतं. कोंबड्यासुद्धा हाकलल्या.

एक काटा दोनदा उचलला तरी खाली बसायचा. "ह्याला सवय झाली वाकायची," ती म्हणली. परत उचलला. राहिला.

शकीलचा प्रो. ठेवला. झडप. पेस्ट. पंखा. बटन माझ्याच्यानं दाबवेना, तिनंच दाबलं.

काळी. काळी. मग एक बारीक 'टुं'.

अक्षरं आली!! माय धावत आली तर हाताला पीठ. तिनं लांबूनच हात जोडले. "बघ, मी सांगितलं व्हतं त्याला."

अजून काहीच झालेलं नाही हे तिला कोण सांगणार. हा तर जुन्याच पिढीतला. आता बायोस, मग हा काढायचा, नवा बसवायचा, मग तपासणी, मग हिरवं, मग मेसेज. बायोसची फाइल मोबाइलवरून पेनड्राइव्हवर घेतली, बोर्डावरचं नाव अक्षर अक्षर जुळवून. यावेळी घाई नाही केली. ताईनं पण वाचून बघितलं.

आणि लाइट गेली.

आली, गेली. दिवसभर तेच. लाइनमन म्हणतो फॉल्ट सापडंना. बायोस चढताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा मेला, परत कोणताच प्रो. त्याला उठवू शकत नाही. आपला यूपीएस कधीच मेलेला, त्यावर माय लोणच्याची बरणी ठेवते. नाही केली हिंमत. उद्या सकाळी. उद्याच जीप.

अण्णांनी विचारलं, "मेसेज?"
"उद्या."
अण्णांना मामाला फोन करताना ऐकलं, "या मग. व्हय. सकाळीच."

४ ऑक्टोबर, शनिवार

लाइट आहे. उजाडल्यापासून एकदा पण गेली नाही. सुरू केलं.

स्क्रीनवर पट्टी आली. खाली इंग्रजीत, बंद करू नका. कीबोर्डला हात लावायचा नाही. मला काहीतरी करत राहिलं पाहिजे नाहीतर लावीन, म्हणून लिहून राहिलोय.

भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डातली पिन ढिली. कायमचीच ढिली, पुठ्ठ्याचा तुकडा खोचून चालवायचो. पट्टी सुरू झाली आणि तिथं चर्र आवाज आला. ताई झेपावली, पिन दाबून धरली. डाव्या हातानं. बोर्ड टेबलामागं, कोपऱ्यात, तोच हात पोचतो. गुडघ्यावर बसलीय भिंतीकडं तोंड करून.

जीप आली. हॉर्न.

परी मायच्या पदराखाली. मामा आत आला, चपला घालूनच. "चल बाई, आवर. पाव्हणे गाडीतच हायत, चहा बी नको म्हणले."

ताई वळली नाही. "मामा, हात काढला तर हे मरतंय."
"मरू दे की. डबडं हाय."

पट्टी एक घर सरकली.

अण्णा आले. ह्या खोलीत ते येत नाहीत, ताईची म्हणून. माझ्या मागं उभे राहून स्क्रीनकडं बघितलं, मग खाली तिच्या हाताकडं. मनगट थरथरून राहिलंय. मी म्हणलो, "ताई, दे, मी धरतो."
"न्हाई. बदलताना हलंल."

अण्णा : "किती राहिलं?"
"निम्म्याच्या पुढं गेलं. पण अण्णा, ह्याच्यानंतर पण अजून..."
"तेवढं सांग. किती राहिलं."
"थोडं."

गेले बाहेर. मामा मागोमाग. अंगणातून आवाज, अण्णांचाच, "गाडी बंद करा. वेळ लागंल."

वरचा बल्ब एकदा मिणमिणला. तिघांनी पण वर बघितलं, मी, माय, परी. ताईनं नाही. तिनं डोळे मिटून घेतलेत.

आहे. लाइट आहे.

पट्टी सरकून राहिली. बाहेर इंजिन अजून चालूच आहे.